एक ठोका म्हणजे पाठव

१

मे महिन्यात नागपूरचे रस्ते रात्रभर तापलेलेच असतात. पहाटे कुठं ते जरा निवायला लागतात, आणि नेमक्या त्याच वेळेला गोपिका सदरच्या मार्टमध्ये थंडीनं कुडकुडायला निघायची. आता सांगा, याला काय म्हणावं! अख्खी गल्ली कूलरसमोर हातपाय पसरून झोपलेली, आणि ही बाई गिट्टीखदानहून स्कूटीवर चाललेली, डिक्कीत लोकरीचा स्वेटर कोंबून.

मार्टमधलं पहाटेचं काम कुणाला दिसतच नाही. दुकान उघडलं की गिऱ्हाईक आत येतं, गच्च भरलेल्या फळ्या बघतं, आणि त्याला वाटतं हे असंच असतं. त्यामागं कोण राबतं ते कोण विचारतो? रात्रपाळीवाले पुठ्ठ्याची खोकी वाटेत तशीच टाकून जाणार. ट्रॉलीचं चाक कायम डावीकडं ओढणार. तक्रार केली की "हाव, सांगतो वरती," आणि ते वरती म्हणजे कुठं, देवालाच ठाऊक. डब्यावरची तारीख अशी बारीक की डोळे फुटावेत. बसायला साधं स्टूल नाही. घरी जाताना पिशवी उघडून दाखवायची, जणू बाई लोण्याच्या वड्या पळवूनच निघाली आहे. आणि या सगळ्यावर सुपरवायझर दुर्गेश, वयानं गोपिकाच्या धाकट्या दिराएवढा, कानाला फोन लावून येणार, फळीच्या कडेवरून बोट फिरवणार आणि म्हणणार, "ताई, फेसिंग."

फेसिंग म्हणजे प्रत्येक डबा फळीच्या काठाशी ओढायचा आणि त्याचं तोंड सरळ समोर करायचं. नाव पुढं, चित्र पुढं, सगळे एका ओळीत. एखादा डबा तिरपा दिसला की दुर्गेशच्या पोटात दुखायचं.

गोपिकाकडं दूध-दह्याचा भाग होता. समोर काचेच्या दारांची लांब कपाटं, आणि त्यांच्या पाठीला कोल्ड रूम. तिथला माल मागून भरतात, म्हणजे नवा मागं राहतो आणि जुना आपोआप पुढं सरकतो. एकीनं कोल्ड रूममध्ये उभं राहून डबे ढकलायचे, दुसरीनं दुकानात, काचेच्या बाजूला, फेसिंग करायचं. मधे डब्यांची भिंत आणि वर पंख्याची घरघर, त्यामुळं ना एकमेकीचं तोंड दिसायचं, ना हाक ऐकू यायची. म्हणून गोपिका आणि तिच्या जोडीच्या शोभाताई यांनी खूण ठरवली होती. काचेच्या बाजूनं लोखंडी रॅकवर एक ठोका म्हणजे पाठव. दोन ठोके म्हणजे बस.

२

शोभाताईंनी उन्हाळ्याच्या तोंडाशी काम सोडलं. गुडघे गेले होते त्यांचे. "बदली माणूस येऊन राहिला," असं दुर्गेश रोज सांगायचा, आणि तो माणूस काही येऊन पोचायचा नाही.

मग एकटीच. जॅकेट चढवायचं, आत जाऊन क्रेट रिकामी करायची, जॅकेट काढायचं, वळसा घालून दुकानात यायचं, डबे सरळ करायचे, पुन्हा जॅकेट. ते जॅकेटही एकच, पुरुषी मापाचं, कुणाकुणाच्या घामाचा वास मारणारं. एकदा गार, एकदा गरम, नाक आपलं वाहतंच आहे. बोटं अशी आखडायची की घरी जाऊन पोळी लाटताना लाटणं हातातून निसटायचं. नवरा म्हणायचा, सोड. सोडून काय करू, ते मात्र सांगायचा नाही.

अशाच एका सकाळी ती आत दह्याचे डबे ढकलत असताना रॅकवर ठोका पडला. एक.

गोपिकानं पाठवले. विचार केलाच नाही तिनं, हात आपसूक चालले. पुन्हा एक ठोका, पुन्हा पाठवले. शेवटी दोन ठोके पडले तेव्हा ती थांबली, आणि मग तिच्या डोक्यात आलं की अगं, बाहेर कोण आहे?

'दुर्गेशला दया आली वाटतं,' ती मनाशी म्हणाली आणि वळसा घालून दुकानात आली. काचेसमोर कुणी नव्हतं. दह्याच्या फळ्या मात्र लागलेल्या होत्या, आणि अशा लागलेल्या की बघत राहावं. एक डबा पुढं नाही, एक मागं नाही.

शटरजवळ नत्थूजी, म्हातारे चौकीदार, खुर्चीत बसून तंबाखू मळत होते.

"नत्थूजी, दुर्गेशभाऊ आले काय?"

"अजून कुठचे! गाडी घेऊन येनार हायेत ते. काहून?"

"काही नाही," गोपिका म्हणाली.

३

माणसाचं मन मोठं लबाड असतं बरं. जे सोयीचं आहे, त्याची चौकशी ते फार करत नाही. नत्थूजीच मदत करत असतील आणि म्हातारपणी लाजत असतील, असं गोपिकानं ठरवून टाकलं. भाजीच्या भागातलं कुणी लवकर येत असेल. कुणी का असेना, काम होऊन राहिलं ना? ती आत उभी राहायची, ठोका पडायचा, ती पाठवायची. शोभाताई होत्या तेव्हासारखंच.

दुर्गेशनं तर सगळ्यांसमोर कौतुक केलं. "हे पाहा गोपिकाताईचं काम! एकटी बाई करून राहिली. तुम्ही दोघं-दोघं असून बोंबा मारता."

गोपिकानं मान खाली घातली आणि कौतुक गुपचूप पदरात घेतलं. खरं सांगायला तेव्हाच जागा होती, पण आयतं मिळालेलं कोण परत करतं?

मग एकदा काच पुसायची वेळ आली. मे महिन्यात त्या कपाटाचं दार नुसतं किलकिलं केलं, तरी बाहेरची गरम हवा लागून काचेवर वाफ धरते. बराच वेळ जात नाही ती. दरवेळी फडकं घेऊन पुसावी लागते. आणि गोपिकाच्या ध्यानात आलं की या इतक्या दिवसांत आपण काच पुसलेलीच नाही. पुसायला वाफच नव्हती. फळ्या लागलेल्या, डबे काठाशी आणलेले, तोंडं समोर केलेली, आणि काच मात्र लखलखीत कोरडी.

म्हणजे दार कुणी उघडलेलंच नव्हतं.

तिनं दार उघडून बघितलं. फळीचा काठ आणि काच यांच्यामध्ये चार बोटं जागा होती. तिथं माणूस उभा राहू शकत नाही, एवढं समजायला काही शिक्षण लागत नाही. काचेवर भराभर वाफ चढली आणि तिनं ती पुसली. हात जरा जोरातच फिरत होता.

४

त्या दुपारी तिनं शोभाताईंना फोन लावला. गुडघ्यांची चौकशी झाली, उन्हाची झाली, मग गोपिकानं विचारलं, "ताई, तुमी बाहेरून लावत होत्या ना, तवा काच पुसा लागे का हो?"

पलीकडं शोभाताई हसल्या, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

"आता काम सोडलं तं सांगते, गोपिका. रागवू नको. माहे गुडघे दुखत, तं मी तिकडं साबणाच्या खोक्यावर बसून राहो. सुरुवातीले लावलं मी. मंग येऊन पाहो तं लागलेलंच राहे. मले वाटे, तूच आतून हात घालून करते, माह्यावर दया करून. म्हटलं, करते तं करू दे बापा."

"आन् ठोके?"

"कायचे ठोके? मी तं ठोकणं कवाचंच सोडलं होतं."

गोपिकानं फोन ठेवला. बाहेर उन्हानं गल्ली पांढरी पडली होती, आणि तिला स्वेटर घालावासा वाटला.

५

तरी दुसऱ्या दिवशी ती गेलीच. जाणार नाही तर काय! तिनं मनाशी ठरवलं की ठोक्याला आता उत्तर द्यायचं नाही. आपलं आपण भरायचं, आपलं आपण लावायचं.

ठोका पडला. तिनं पाठवलं नाही. पुन्हा पडला, तोच, एकच, न चिडता. शोभाताई असत्या तर एव्हाना धडाधड बडवलं असतं. हे मात्र तेवढ्याच बेतानं, जरा थांबून, पुन्हा एक. गोपिका मोठ्यानं म्हणाली, "संपलं!" पंख्याच्या घरघरीत तिचं तिलाच ते ऐकू आलं नाही.

खालच्या फळीवर एक डबा मध्येच आडवा अडकला होता. तो सरळ केल्याशिवाय मागचा माल जाईना. ती खाली बसली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. डब्याला बोटं लागली, आणि मग बोटांना काहीतरी लागलं.

आधी अंगठा बाजूला धरला गेला. मग उरलेली बोटं एकमेकांना चिकटवून नीट जुळवली गेली, एकेक करून. मग मनगट हलकेच फिरवलं गेलं, तळवा काचेकडं होईपर्यंत. दुखेल असं काही नव्हतं. उलट फार काळजीनं, ज्याला रोजची सवय आहे अशा हातानं ते चाललं होतं, आणि गोपिकाला ती सवय ओळखू आली. ती स्वतः रोज हेच करत होती.

तोंड समोर झालं की काय करायचं असतं? काठाशी ओढायचं.

हात ओढला जाऊ लागला. कोपर गेलं, दंड गेला, तिचा गाल बर्फागत लोखंडाला चिकटला. आणि कानाच्या अगदी जवळ, रॅकच्या त्याच पट्टीवर, एक ठोका पडला.

तिनं पाय लावून स्वतःला मागं खेचलं. गालाची साल लोखंडाला राहिली. जॅकेटसकट ती दुकानात धावली तेव्हा काच कोरडी होती, आणि खालच्या फळीवर सगळे डबे शिस्तीत उभे होते. फक्त मधे जागा सोडलेली होती. ती एका डब्याची जागा नव्हती. तिथं एक बाई अंग चोरून मावली असती.

६

"मले काउंटरवर टाका, भाऊ," गोपिका दुर्गेशला म्हणाली. "नाही तं सोडते मी."

दुर्गेशनं तिच्या गालाकडं बघितलं, पण विचारलं नाही. विचारलं की कागद करावे लागतात. "काउंटर रिकामं आहे, ताई. खुर्ची आहे, एसी आहे, नाही कोण म्हणते? पण कोल्ड रूमले माणूस कुठून आणू मी? माणूस आणून द्या, उद्यापासून काउंटर तुमचं."

माणूस घरातच होतं. करिष्मा, गोपिकाची धाकटी जाऊ, सावनेरची पोरगी, गेल्या हिवाळ्यात लग्न होऊन आली होती. दिवसभर घरात बसून तिचा जीव घुसमटायचा. "ताई, मले पण लावा ना मार्टमध्ये," अशी तिची रोजची भुणभुण, आणि गोपिकाचं रोजचं उत्तर, "बस वं घरी, मरनाची थंडी असते तिथं." ही तीच करिष्मा, जी गोपिका कामावरून आली की तिळाचं तेल कोमट करून तिची बोटं चोळायची. सख्खी बहीण करणार नाही इतक्या मायेनं.

त्या संध्याकाळीही ती तेल घेऊन बसली. गालावरच्या जखमेला हळद लावली. आणि गोपिका म्हणाली, "येतेस का उद्या?"

पोरगी नाचायचीच बाकी होती.

सांगायचं तिच्या ओठांवर होतं, हे खरं आहे. पण सांगितलं तर ती येणार नाही, आणि ती आली नाही तर पुन्हा आपण, पुन्हा ती खालची फळी. गोपिकानं स्वतःची समजूत घातली की बाहेरच्या बाजूला आपण उभ्या राहू. आपण तिथं असलो तर दुसरं कोण येणार? आणि ती खरंच उभी राहिली. काही दिवस ती स्वतः ठोके देत होती, करिष्मा आतून पाठवत होती, आणि वाकडं काहीच झालं नाही. काचेवर वाफ यायची आणि ती पुसताना गोपिकाला बरं वाटायचं.

मग दुर्गेशनं तिला काउंटरवर बोलावलं. "सकाळपासूनच बसा, ताई. मशीन समजून घ्या." तिनं एकदा दूध-दह्याच्या गल्लीकडं बघितलं आणि खुर्चीवर जाऊन बसली. खुर्ची मऊ होती.

७

"तुमच्या जाऊबाईनं तं कमाल केली," दुर्गेश दोनच दिवसांनी म्हणाला. "एकटी करते, पण फेसिंग पाहा! तुमच्यावानीच."

गोपिकाच्या हातातला कागदाचा रोल तिथंच थांबला.

घरी परतताना करिष्मा स्कूटीवर मागं बसली होती. सदरच्या गर्दीत नाही, काटोल रोडला लागल्यावर, जरा मोकळं झाल्यावर, तिनं गोपिकाच्या कमरेला मिठी मारली.

"ताई, एक सांगू? तुमी लय चांगल्या आहा."

"काहून वं?"

"तुमाले खुर्ची भेटली, तरी तुमी बाहेरून लावून देता. मी दुर्गेशभाऊले सांगितलं नाही हो, तुमाले बोलणी बसतील म्हणून. ठोका आला की मी समजते, ताई आल्या." ती हसली. "आन् आज तुमी माहा हात धरला ना आतून? किती थंडे झाले हो तुमचे हात! मी म्हटलं, घरी गेल्यावर तेल लावून देते ताईले."

स्कूटी एकदम हेलकावली. मागून ट्रकवाल्यानं शिवी हासडली.

"ताई? तुमीच होत्या ना?"

बस, एवढंच विचारलं होतं तिनं. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. पण नाही म्हटलं की करिष्मा उद्या येणार नाही. करिष्मा आली नाही की दुर्गेश म्हणणार, ताई, माणूस कुठं आहे? आणि मग ती जागा, मधे सोडलेली, अंग चोरून मावावं अशी. गोपिकाला तिच्या गालावरची खपली आतून थंड लागली.

"हाव वं," ती म्हणाली. "मीच होती."

करिष्मानं डोकं तिच्या पाठीला टेकवलं. गोपिका रडत होती, पण उन्हात आणि वाऱ्यात ते कुणाला कळणार!

८

रात्रभर तिचा डोळा लागला नाही. सकाळी सांगू, दारातच सांगू, आत पाऊल टाकण्याआधी सांगू. पण करिष्मा चहा पिऊन, केसांना रबर लावून, तिच्याआधीच स्कूटीपाशी उभी. मार्टमध्ये शिरताच ते भलंमोठं जॅकेट चढवून ती हसत कोल्ड रूममध्ये गेली, आणि तो जाड दरवाजा धप्पकन लागला.

गोपिका खुर्चीत बसली. दुकान रिकामं होतं. दुर्गेश मागच्या बाजूला गाडी उतरवून घेत होता, नत्थूजी शटरपाशी. आणि त्या शांततेत तिला तो ऐकू आला. काउंटरपर्यंत ऐकू आला. एक.

थोड्या वेळानं, पुन्हा एक.

ती खुर्चीतच बसून राहिली. 'ते डबे मागून राहिलं, फक्त डबे,' ती स्वतःला सांगत होती. पुन्हा एक ठोका पडला, आणि यावेळी त्याच्यामागून काहीतरी घासत, जड काहीतरी फळीवरून सरकत गेल्याचा आवाज आला.

"अव माय," गोपिका म्हणाली आणि पळाली.

काच कोरडी होती. खालची फळी रिकामी होती, अगदी मागपर्यंत. तिथून कोल्ड रूमचा दिवा दिसायला हवा होता, तो दिसत नव्हता. त्या काळोखातून एक हात पुढं आला होता, करिष्माचा, हिरव्या बांगड्यांचा. बोटं जुळवलेली, तळवा समोर. बांगड्यासुद्धा कुणीतरी एकेक करून सारख्या अंतरावर लावत होतं. लावणारं काय होतं ते गोपिकाला पुरतं दिसलं नाही. फक्त पांढरं, लांब, आणि कामात अगदी गढलेलं. हातामागून खांदा आला. खांद्यामागून करिष्माचं तोंड येत होतं, हळूहळू वळत, सरळ समोर होत, आणि पोरगी हसत होती, कारण तिला वाटत होतं की आपल्याला ओढणारं माणूस आपलं आहे.

मग काच आतून पांढरी झाली.

गोपिकानं दार ओढलं. फळी भरलेली होती. दह्याचे डबे, ओळीनं, नाव पुढं, चित्र पुढं. तिनं ते दोन्ही हातांनी खाली पाडले, फोडले, मागं आणखी डबेच होते. ती वळसा घालून कोल्ड रूममध्ये शिरली. अर्धी क्रेट तशीच होती. जॅकेट जमिनीवर पडलेलं होतं. ती खालच्या फळीशी पालथी पडली आणि डब्यांमध्ये तोंड घालून ओरडली.

"करिष्मा! ते मी नव्हती वं! मी खोटं बोलली तुले! ऐकते काय? मी नव्हती ते, कधीच नव्हती!"

वरचा पंखा त्याच क्षणी थांबला. मधूनमधून तो असा आपोआप थांबतोच. दह्याच्या डब्यांच्या पलीकडून, दुकान जिथं संपतं त्याच्याही कितीतरी पलीकडून, करिष्माचा आवाज आला. नेहमीचाच, थंडीनं जरासा दाटलेला.

"मंग माहा हात धरून कोण आहे, ताई?"